डॉक्टरांशी लग्न, कोकणात पोस्टिंग: आधाराची माणसं कशी जोडायची

नेमणुकीची ऑर्डर निघाली की डॉक्टरांना सांगणारे पुष्कळ असतात. रुजू कुठे व्हायचं, चार्ज कोणाकडून घ्यायचा, क्वार्टरची चावी कोणाकडे आहे, सगळं कळतं. त्यांच्यासोबत सामान घेऊन उतरणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला मात्र कोणी काही सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात प्राथमिक आरोग्य केंद्रावर, ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात नेमणूक झालेली असो, नाहीतर तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना टाकायचा असो, घरच्या माणसाच्या अडचणी बऱ्याच सारख्या असतात.

'आपल्याला समजून घेणारं कोणीतरी' शोधत बसलात तर वर्ष सहज निघून जाईल. तसं माणूस मिळतं, पण उशिरा. त्याआधी रात्री मूल तापलं तर कोण धावेल, चार दिवस लाइट नसेल तर फोन कुठे चार्ज करायचा, दारात आरडाओरडा सुरू झाला तर हाक कोणाला मारायची, ही कामं वेगवेगळ्या माणसांत वाटून ठेवा. सगळा भार एकाच मैत्रिणीवर किंवा एकाच शेजाऱ्यावर टाकला की सहा महिन्यांत तेही माणूस दुरावतं.

पहिली पायरी: नेमणूक समजून घ्या

पहिल्या आठवड्यात एक संध्याकाळ काढा आणि डॉक्टरांना सरळ प्रश्न विचारा. उत्तरं वहीत लिहून ठेवा, कारण पुढे चिडचिड होते ती याच गोष्टी माहीत नसल्यामुळे.

वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं किती आणि त्यातली भरलेली किती? प्राथमिक आरोग्य केंद्राला साधारण दोन पदं असतात. दुसरं रिकामं असेल तर तुमच्या घरात दिवसपाळी-रात्रपाळी असा भेद उरणार नाही. ग्रामीण रुग्णालय साधारण 30 खाटांचं असतं, तिथे पाळ्या लागतात, पण तिथेही एक जण रजेवर गेला की दुसऱ्याची पाळी दुप्पट होते. रजेवर गेल्यावर चार्ज कोण घेणार, हा प्रश्न तर विचाराच. किरकोळ रजा वर्षाला 8 आणि अर्जित रजा 30 दिवस असते खरी, पण चार्ज घेणारं कोणी नसेल तर ती कागदावरच राहते. मुख्यालयी राहण्याची अट असते, त्यामुळे रविवारी गावी जायचं म्हटलं तरी आधी विचारावं लागतं.

केंद्र कोणाच्या अखत्यारीत येतं तेही कळू द्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं: वर तालुका आरोग्य अधिकारी, त्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. क्वार्टरचं छप्पर गळायला लागलं की अर्ज कुठे करायचा ते यावरून ठरतं. अर्ज एप्रिलमध्येच गेलेला बरा. जूनमध्ये दिलेल्या अर्जाचं काम दिवाळीनंतर होतं.

डॉक्टर बंधपत्रावर आले असतील, म्हणजे सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस केल्यावरची सक्तीची 1 वर्षाची सेवा, तर तुम्ही कायमचं बिऱ्हाड हलवायचं का, याचा आधी विचार करा. पुण्या-मुंबईत तुमची चांगली नोकरी असेल तर एका वर्षासाठी ती सोडू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. महिन्यातून एकदा येणं परवडतं. नोकरी सोडून आलेलं माणूस रिकाम्या क्वार्टरमध्ये दिवसभर बसून राहिलं की भांडणं सुरू होतात, आणि ती डॉक्टरांच्या कामावर नव्हे, एकमेकांच्या स्वभावावर घसरतात.

आता वर्षाचं वेळापत्रक. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या झाडावरून पडलेले, विंचू चावलेले, समुद्रात बुडालेले पर्यटक आणि महामार्गावरचे अपघात. जूनपासून साप. भातलावणी सुरू झाली की लेप्टो (दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आणि डेंग्यू, ते थेट ऑक्टोबरपर्यंत. गणपतीत चाकरमानी उतरले की गावाची लोकसंख्या आठ-दहा दिवसांत फुगते, आणि मोदक तुमच्या घरी कितीही चांगले झाले तरी खायला डॉक्टर वेळेवर येतीलच असं नाही. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात 2016 पासून माकडतापाचे (गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूच्या तापाचे) रुग्ण सापडत आले आहेत, तिथे जानेवारी ते मे हा काळही धावपळीचा. म्हणून घरचं कार्य, बारसं, सासरी-माहेरी जाणं, जमेल तितकं नोव्हेंबर-डिसेंबरात बसवा. सणासुदीला रजा मिळेल असं गृहीत धरून तिकिटं काढू नका.

दुसरी पायरी: 'पाच मिनिटांत येतो' याचा हिशेब

डॉक्टरांच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण हेच. ते खोटं बोलत नसतात, पण समोरच्या केसला किती वेळ लागणार हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. काही केसेस माहीत असल्या की ताट झाकून ठेवायचं की जेवून घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

साप चावलेला रुग्ण आला म्हणजे रात्र गेली असं धरा. कोकणात फुरसं फार. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. वॉर्डात काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 2 मिलिलिटर रक्त घेऊन ते 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून पाहतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष सुरू. ते साधारण तासाभरात शिरेतून जातं आणि तेवढा वेळ डॉक्टर खाटेपासून हलू शकत नाहीत, कारण प्रतिविषाचीच ॲलर्जी येऊन रुग्ण पाहता पाहता कोसळू शकतो. पुढे दर 6 तासांनी तीच नळीची तपासणी. संध्याकाळी सातला आलेल्या रुग्णाची पुढची तपासणी मध्यरात्रीनंतर एक-दीडला येते, हा हिशेब घरात बसून करता येतो.

लाल विंचवाचंही तसंच. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू कसे टाळता येतात हे दाखवून दिलं, आणि त्या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही वाटा आहे. पण गोळी देऊन डॉक्टर मोकळे होत नाहीत. दर 3 तासांनी पुढची मात्रा, मधल्या वेळात नाडी, रक्तदाब, आणि हातपायांचा गारवा जाऊन ते उबदार होतात का यावर लक्ष. लहान मूल असेल तर उठायचं नावच नको.

पहिलटकरणीचं बाळंतपण दहा-बारा तास चालणं नेहमीचं. शवविच्छेदन असेल तर पंचनामा, पोलिसांचे कागद, नातेवाइकांची वाट पाहणं यात अर्धा दिवस जातो. पोलीस केसमध्ये पुढे कधीतरी कोर्टाचं समन्सही येतं, बदली होऊन गेल्यावरसुद्धा. ठरलेल्या सहलीच्या दिवशी खेडच्या किंवा देवगडच्या कोर्टात साक्ष निघाली तर नवल मानू नका.

यावर उपाय साधा आहे. तीन शब्द ठरवून घ्या. 'सुरू' म्हणजे दोन तास तरी नाही. 'अडकलो' म्हणजे रात्र जाणार, जेवून घ्या. 'निघालो' म्हणजे चप्पल घातली, आता खरंच निघालो. डॉक्टरांनी एवढा एक शब्द टाकायचा, तुम्ही त्यावर उलट प्रश्न विचारायचा नाही. ठरलेल्या वेळेपलीकडे तीन तास उलटले आणि काहीच कळलं नाही तर डॉक्टरांच्या मोबाइलवर पुन्हापुन्हा रिंग न देता वॉर्डाच्या फोनवर ड्युटीच्या सिस्टरना एकदाच विचारा. मोबाइल बहुतेक वेळा एप्रनच्या खिशात वाजत असतो आणि हातात ग्लोव्हज असतात.

तिसरी पायरी: गावातली पाच माणसं

डॉक्टर घरात नाहीत असं धरून ही यादी करा. नावं, नंबर कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण लाइट जाते तेव्हा मोबाइलही जातो.

वायरमन. हा पहिला. नंबर महावितरणच्या तक्रार केंद्राचा नको, तुमच्या फिडरवर काम करणाऱ्या माणसाचा हवा. रात्री कधीही येईल असा एक रिक्षावाला. गावात एसटीची वस्तीची गाडी असेल तर तिची सुटायची वेळही लिहा. किराणा दुकानदार, जो फोनवर सांगितलेलं सामान पोचवेल. वाडीतलं एक घर, शक्यतो म्हातारं माणूस दिवसभर पडवीत असणारं, कारण तुमच्या दारात कोण आलं-गेलं ते त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. आणि मूल असेल तर ते दोन तास सांभाळणारी एक बाई, तिचा मोबदला आधी ठरवून.

इथे एक चूक हमखास होते. केंद्रातले शिपाई, सफाई कामगार, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर समोरच असतात आणि 'मॅडम, काय आणू?' असं विचारतातही. त्यांच्याकडून भाजी आणवू नका, मुलाला शाळेत सोडायला सांगू नका, 102 ची गाडी बाजारात नेऊ नका. ती गरोदर बायका आणि बाळांसाठी आहे. आज तुम्ही घेतलेली सोय उद्या डॉक्टरांना त्या माणसाची गैरहजेरी मांडायची वेळ आली की आड येते. खासगी दवाखान्यातल्या सिस्टरना घरची धुणी-भांडी सांगणं हे त्याचंच दुसरं रूप. त्या सोडून जातात आणि का गेल्या ते तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात कळतं.

चौथी पायरी: दुसरी डॉक्टरांची घरं

शेजारणीला सगळं सांगता येत नाही. 'अहो, तुम्हाला काय कमी?' हे उत्तर ठरलेलं. दुसऱ्या डॉक्टरांच्या घरातल्या माणसाला मात्र अर्ध्या वाक्यात कळतं. प्रश्न त्यांना गाठायचं कसं हा.

सुरुवात शेजारच्या केंद्रापासून करा. मागच्या वर्षभरात रुजू झालेले डॉक्टर कोण, एवढं तुमच्या घरातल्या डॉक्टरांना माहीत असतं. त्यांच्या जोडीदाराचा नंबर मागून घ्या आणि मेसेज न टाकता फोन करा. पहिल्या फोनला गाऱ्हाणं नको. 'इथे गॅस किती दिवसांनी येतो? बालरोगतज्ज्ञ कोण चांगले?' असे प्रश्न विचारा. मदत मागितली की माणूस सैल होतं. नंतर भेटायचं ते तालुक्याला, आठवडा बाजाराच्या दिवशी किंवा डॉक्टरांची मासिक बैठक असेल त्या दिवशी. बैठक दिवसभर चालते, एका गाडीतून दोन कुटुंबं जाऊ शकतात.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखा 1 जुलैला डॉक्टर्स डे करतात, बऱ्याच ठिकाणी त्याला कुटुंबांनाही बोलावतात. आयुर्वेदाच्या डॉक्टरांची निमा, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची मॅग्मो, यांच्या ओळखीतूनही घरं सापडतात. एमबीबीएस आणि बीएएमएस ही भिंत डॉक्टरांनी हवी तर पाळावी, तुम्ही पाळायचं कारण नाही. पावसाळ्यात आतल्या गावात तुमच्या सर्वांत जवळचं डॉक्टरांचं घर बहुधा बीएएमएसचंच असेल.

लेडी डॉक्टरांच्या यजमानांची अडचण वेगळी. कार्यक्रमात बायकांचा घोळका एका बाजूला, डॉक्टरांचा दुसऱ्या बाजूला, आणि हे गृहस्थ हातात ताट घेऊन मधेच उभे. त्यांना 'या, बसा' म्हणून चालत नाही, काम द्यावं लागतं. मुलांची गाडी कोण नेणार, पावसाळ्याचं एकत्र सामान कोण आणणार, यात त्यांना पहिल्यापासून घ्या. तुम्ही स्वतः त्या जागी असाल तर अशाच दुसऱ्या गृहस्थाची वाट पाहू नका, तालुक्यात कदाचित दुसरं कोणी नसेलही. व्हॉलीबॉलचं मैदान, भजनी मंडळ, दशावताराच्या रात्री, यातून ओळखी आपोआप होतात, आणि तिथे तुम्ही कोणाचे यजमान आहात हे चार दिवसांनी कोणी विचारत नाही.

तीन-चार घरं जुळली की फोनवर गट निघतोच. तो दोन भागांत ठेवा. एक फक्त तातडीचा, त्यात 'सुप्रभात' सुद्धा नाही. दुसरा गप्पांचा. एकच ठेवला तर साड्यांचे फोटो आणि वाढदिवसाच्या केकखाली 'मुलाला झटके येताहेत, गाडी हवी' हा मेसेज गाडला जातो. तातडीच्या गटात बारा-पंधरा माणसं पुरे. मदत मागताना काय, कुठे, कधीपर्यंत या तिन्ही गोष्टी पहिल्याच ओळीत: 'देवरूख, उद्या सकाळी 9 ते 1, तीन वर्षांच्या मुलीला सांभाळायला कोणी?' नुसतं 'कोणी आहे का?' असं लिहिलं की सगळे वाचतात आणि प्रत्येक जण दुसरा कोणी उत्तर देईल म्हणून थांबतो.

रुग्णाविषयी गटात एक अक्षर नको. 'नाव घेतलं नाही' ही सबब कोकणात चालत नाही. 'काल आंब्यावरून पडलेला', 'ती मुंबईहून आलेली मुलगी' एवढ्यावरून गावाला घर कळतं, आणि त्या घरातलं कोणीतरी तुमच्या गटातल्या कोणाच्या तरी नात्यात असतं. डॉक्टरांनी जेवताना जे सांगितलं ते ताटावरच संपलं पाहिजे. वरिष्ठांबद्दलचा राग लिहू नका, बोला. लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट होतो. आणखी एक नाजूक गोष्ट: खासगी डॉक्टरांत एकमेकांकडे रुग्ण पाठवण्याचे व्यवहार असतात. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या वहिनी तुमची फारच काळजी घ्यायला लागल्या, महागड्या भेटी येऊ लागल्या, तर मैत्री ठेवा, भेटी परत करा.

पाचवी पायरी: दाराशी येणारे पेशंट

गावात तुम्ही 'डॉक्टरीणबाई' होता आणि लोक डॉक्टर नसताना तुमच्यापाशी येतात. रिपोर्ट पुढे करतात, गोळी मागतात. एक वाक्य पाठ करून ठेवा: 'मी डॉक्टर नाही, दवाखान्यात सिस्टर आहेत, तिथे चला.' हसून म्हणा, पण दरवेळी तेच म्हणा. एकदा डोकेदुखीची गोळी दिलीत की उद्या छातीत दुखणाऱ्या माणसालाही तुमच्याकडेच आणतील. घरातल्या सॅम्पलच्या औषधांना कुलूप लावा.

साप चावलेला माणूस दारात आला तर एवढं तुम्ही करू शकता: त्याला चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा, अंगठी-बांगड्या-पैंजण काढा, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने पाठवा. कापू नका, दोरी आवळू नका, साप शोधायला कोणाला धाडू नका.

सरकारी डॉक्टर व्यवसायरोध भत्ता (खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणारा) घेत असतील तर घरी पैसे घेऊन तपासणं नियमात बसत नाही. तक्रार होते ती बहुतेक वेळा घरच्या माणसाने भाबडेपणाने घेतलेल्या शंभराच्या नोटेवरून. रोख आणि पाकीट कधीच नाही. चार नारळ, पिशवीभर बांगडे, फणस नाकारले तर मात्र माणसं दुखावतात. ते घ्या आणि स्टाफमध्ये वाटून टाका. आंब्याच्या पेट्या यायला लागल्या की आधी डॉक्टरांना सांगा, कोणाचं काय काम अडलंय ते त्यांना माहीत असतं.

एखादा मृत्यू होऊन जमाव जमला तर तुमचं काम दार आतून लावून घेणं आणि 112 ला फोन करणं. मधे पडू नका, गॅलरीतून व्हिडिओ काढू नका. तो काढताना दिसलात की जमाव घराकडे वळतो. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने रुग्णालयावरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. फिर्याद संस्थेने दिलेली चांगली, घरच्यांनी नको. त्या रात्री मुलांना वाडीतल्या ठरलेल्या घरी नेऊन ठेवा.

सहावी पायरी: पाऊस

तळकोकणात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचतो. तयारी मेअखेर संपलेली हवी. भरलेला दुसरा सिलिंडर, महिन्याचं धान्य-कडधान्य, बाळाच्या दुधाचा डबा, नेहमीची औषधं निदान 30 दिवसांची, सेलवरचा रेडिओ, आणि पॉवर बँक एकाऐवजी दोन. क्वार्टरमध्ये कोणत्या कंपनीचं नेटवर्क वारा सुटल्यावरही टिकतं ते स्टाफला विचारा आणि एक सिम त्याचं घ्या. जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत, आणि मे 2021 मध्ये तौक्तेने किनाऱ्यावर वीज आणि फोन कितीतरी दिवस बंद पाडले होते.

चिपळूण, खेड, महाड, राजापूर इथे घर घेताना पुराची रेषा विचारा. दलालाला नको, समोरच्या दुकानदाराला विचारा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजले बुडाले, आणि अशा दिवशी डॉक्टर रुग्णालयात अडकलेले असतात. तुम्हाला वर काढायला ते येऊ शकणार नाहीत. वरच्या मजल्यावर कोणाच्या घरी जायचं ते आधी बोलून ठेवा. कागदपत्रं, पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं, दवाखान्याची नोंदणी प्लॅस्टिकच्या बंद डब्यात, माळ्यावर.

घरात गरोदरपण असेल तर नववा महिना पावसाळ्यात येतो का ते पाहा. आंबा, कुंभार्ली, करूळ, आंबोली, कुठलाही घाट दरड कोसळून बंद होऊ शकतो, आणि कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू धावते. माहेरी जायचंच असेल तर वेळेत जा, नाहीतर जिल्ह्यातच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तपेढी असलेल्या गावी सोय करा. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. गणपतीची रेल्वे तिकिटं 60 दिवस आधी उघडतात आणि मिनिटांत संपतात, हे घरी येणाऱ्या सासू-सासऱ्यांनाही सांगून ठेवा.

तुमचं काम, तुमचा पैसा

दोघंही सरकारी नोकरीत असाल तर बदलीच्या अर्जात पती-पत्नी एकत्रीकरणाचं कारण मांडता येतं. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणजे कागद मार्चपर्यंत तयार हवेत.

खासगी दवाखाना असेल तर नकळत तुम्ही बिनपगारी व्यवस्थापक होता: केसपेपर, हिशेब, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या-निळ्या डब्यांची नोंदवही, सोनोग्राफी असेल तर गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखालचा एफ फॉर्म. काम करायला हरकत नाही, पण पगार ठरवा आणि तो दर महिन्याला तुमच्या खात्यात जमा करा. सीए लोक त्याची सोय नीट करून देतात. डॉक्टरांच्या जागी कधीही सही करू नका. आणि हॉस्पिटलच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही करताना वाचून, हप्ता किती वर्षं किती, हे पाहून करा. ते कर्ज तुमचंही असतं.

सातवी पायरी: स्वतःसाठी घराबाहेरचा डॉक्टर

डॉक्टरांच्या घरातल्या माणसांवर सगळ्यात कमी नीट उपचार होतात. चालता चालता ब्लड प्रेशर पाहिलं, सॅम्पलची गोळी दिली, कागद कुठेच नाही. तुमच्यासाठी आणि मुलांसाठी बाहेरचा डॉक्टर ठरवा, केसपेपर काढा, फी द्या. फी न घेणाऱ्या डॉक्टरकडे माणूस शंका विचारायला संकोचतं.

मनाचं दुखणंही त्यातच आलं. सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण उतरत नाही, फोन वाजला की धडधडतं, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, असं असेल तर ते कोकणातल्या पावसावर ढकलू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथले डॉक्टर तुमच्या घरच्यांच्या ओळखीचे असल्याने जायला नको वाटत असेल तर कोल्हापूर किंवा गोव्यातला डॉक्टर गाठा.

डॉक्टर स्वतःच कोलमडत असतील तेही घरातच आधी दिसतं. रोजची दारू, झोपेच्या गोळ्या, स्वतःला टोचलेली इंजेक्शनं, रुग्णाच्या मृत्यूनंतर आठवडेच्या आठवडे गप्प राहणं. 'बरं नाही' सांगून त्यांची पाळी सावरत बसलात तर आजार वाढतो. त्यांच्या बॅचचा, दुसऱ्या जिल्ह्यातला एखादा जवळचा मित्र निवडा आणि त्याला सगळं सांगा. बाहेर देवमाणूस म्हणून नावाजलेला डॉक्टर घरात हात उगारत असेल तर गाव तुमच्यावर विश्वास ठेवायला वेळ लावेल, हे गृहीत धरून थेट 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्ह्याच्या महिला व बालविकास विभागातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. जखमेवर उपचार त्यांच्याच दवाखान्यात नको, दुसरीकडे घ्या, आणि केसपेपर जपून ठेवा.

बदली झाली की

सरकारी नेमणूक साधारण तीन वर्षांची. निघताना दाराच्या आतली यादी फाडू नका, दुरुस्त करून नव्या कुटुंबासाठी ठेवा: वायरमन बदलला असेल तर नवा नंबर, पंपाचा स्टार्टर कुठे आहे, कोणत्या खोलीत पागोळी आत येते, टाकी किती दिवसांनी धुवावी लागते, दुधाचं बिल कोणाला चुकतं करायचं. कोणता शेजारी कसा, हे मात्र लिहू नका. त्यांचं त्यांना ठरवू द्या. फोनवरच्या तातडीच्या गटातून तुम्ही बाहेर पडा आणि तुमच्या जागी त्यांना घ्या. गप्पांच्या गटात राहिलात तरी चालेल.